भाऊ प्रोफेशनल खेळाडू आहे आणि बेटिंगमध्ये अडकलाय, कर्ज फेडून टाकावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. धाकटा भाऊ २३ वर्षांचा, प्रोफेशनल फुटबॉल खेळतो, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे बरेच महिने मैदानाबाहेर आहे. पगार जमा झाला की दोन दिवसांत खातं रिकामं, घरच्यांकडून आणि टीममधल्या काही जणांकडून उसने घेतलेत, आणि आता कळलंय की घरी खोटं सांगून हे सगळं फोनवरच्या बेटिंगमध्ये, हरलेलं वसूल करण्यात जातंय. बाबा म्हणतायत एकदाच काय ते कर्ज फेडून टाकू, त्याच्याकडून शपथ घेऊ आणि विषय मिटवू, क्लबला कळायला नको. तुम्ही विचारताय हे बरोबर आहे का, आणि इतका शिस्तीचा मुलगा असा कसा वागू शकतो.

पहिल्याचं उत्तर आधी देतो. कर्ज असं एकरकमी फेडू नका, निदान आत्ता नाही, आणि त्याच्या हातात पैसे देऊन तर अजिबात नाही. बाबांची तळमळ मला कळते, कुठल्याही बापाला हेच सुचेल. पण मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं प्रोफेशनल खेळाडूंसोबत काम करतोय, आणि जुगाराची केस घेऊन जे घर माझ्याकडे येतं त्या घरात बहुतेक वेळा कोणीतरी आधी एकदा तरी कर्ज फेडून झालेलं असतं. फेडल्यावर काही आठवडे सगळं शांत असतं, मुलगा अगदी मनापासून रडलेला असतो, शपथही खोटी नसते, आणि तरी पुन्हा तेच सुरू होतं, फक्त यावेळी रक्कम मोठी आणि लपवणं जास्त सफाईदार. कारण कर्ज फिटल्यावर त्याच्या डोक्यावरचं ओझं जातं पण खेळायची ओढ जशीच्या तशी राहते, वर आतून एक गोष्ट पक्की होते की अगदीच गळ्याशी आलं तर घरचे आहेत.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहाटे उठतो, खाणं मोजून मापून, दारू नाही, सिगरेट नाही, मग नेमका इथेच ताबा का सुटतो? ताई, जरा वेगळ्या बाजूने बघा. लहानपणापासून त्याला काय शिकवलं गेलंय, तर दोन गोलने मागे असलास तरी सोडायचं नाही, हुकलेला चान्स विसरून पुढचा शॉट मारायचा, दुखत असलं तरी खेळायचं, आज हरलो तर पुढच्या मॅचला वसूल करायचं. मैदानावर याच सवयींनी त्याला इथवर आणलं. बेटिंग अ‍ॅपवर याच सवयी त्याला खड्ड्यात घालतायत, कारण तिथे मागे पडल्यावर जोर लावून काहीच हाती लागत नाही, जितका जोर लावाल तितकं जास्त जातं. हरलेले पैसे परत मिळवायला आणखी पैसे लावायचे, ज्याला आम्ही चेसिंग म्हणतो, हे या आजाराचं एक अगदी ठळक लक्षण आहे, आणि खेळाडू चेसिंगमध्ये चिकटून राहतो कारण हार न मानायचंच ट्रेनिंग त्याला मिळालेलं असतं. म्हणून त्याला जरा विल पॉवर दाखव असं सांगू नका. विल पॉवर त्याच्याकडे भरपूर आहे आणि ती सगळीच्या सगळी गेलेले पैसे परत आणण्यात खर्ची पडतेय.

त्यात त्याची अजून एक समजूत असणार, की मला खेळ कळतो, मी काही बाकीच्यांसारखा डोळे मिटून लावत नाही. खेळाडूंमध्ये ही समजूत फार घट्ट असते आणि ती वाद घालून निघत नाही, म्हणून मी कागदावर साधं गणित करून दाखवतो, तुम्हीही दाखवू शकता. समजा एखादी गोष्ट अगदी निम्मी-निम्मी आहे, घडेल किंवा घडणार नाही. तिच्यावर खरा भाव २ असायला हवा, म्हणजे १०० लावले आणि जिंकलात तर हातात २००. अ‍ॅपवर दोन्ही बाजूंना १.९० चा भाव दिसतो. म्हणजे तुम्ही निम्म्या वेळा जिंकलात तरी प्रत्येक १०० मागे सरासरी ५ गेलेच. नुसतं बरोबरीत राहायचं तरी शंभरात जवळपास ५३ वेळा बरोबर यावं लागतं. आता मॅच चालू असताना पुढचा कॉर्नर कोणाचा, पुढचं कार्ड कोणाला, असं करत एका संध्याकाळी प्रत्येकी १००० चे ४० सौदे केले तर एकूण ४०,००० फिरले आणि सरासरीने २००० कंपनीकडे गेले, नशीब चांगलंही नाही आणि वाईटही नाही असं धरून. रोज संध्याकाळी हेच केलं तर पैसे जातच राहणार. खेळाचं ज्ञान कितीही असो, ते ज्ञान भाव ठरवणाऱ्यांकडेही असतं आणि त्यांच्याकडे डेटा त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय जो सतत जिंकतो त्याची लावायची मर्यादा बऱ्याच कंपन्या कमी करून टाकतात, हे त्याला माहीत आहे का विचारा.

मेंदूत काय होतं ते फार लांबवत नाही. बक्षीस कधी मिळेल याचा अंदाज नसतो तेव्हा मेंदू त्या गोष्टीला जास्त चिकटतो, दर वेळी मिळालं असतं तर उलट लवकर कंटाळा आला असता. आणि थोडक्यात हुकलेला डाव, म्हणजे ९० व्या मिनिटाला गोल झाला आणि सौदा गेला, हा मेंदूला हरल्यासारखा वाटतच नाही, जवळजवळ जिंकल्यासारखा वाटतो आणि पुढचा लावायची इच्छा वाढते. हे सगळं डॉक्टरी भाषेत मान्य झालेलं आहे. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या मानसिक आजारांच्या निदानाच्या मॅन्युअलमध्ये जुगाराचा आजार १९८० पासून आहे, आणि २०१३ च्या आवृत्तीत तो दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांच्याच गटात टाकला गेला, कुठलाही पदार्थ शरीरात न जाता होणारं व्यसन म्हणून. बाबांना हे नक्की सांगा, कारण आपल्या मनात अजूनही जुगार म्हणजे उनाडपणा असंच असतं आणि मग उपाय म्हणून एकतर ओरडणं किंवा शपथ घालणं एवढंच सुचतं.

आणि तुमचा भाऊ एकटा नाही. युरोपातल्या सात देशांमधल्या १२३६ प्रोफेशनल खेळाडूंचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आत्ता किंवा पूर्वी कधीतरी जुगाराची समस्या असलेले ८.२ टक्के निघाले. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रोफेशनल फुटबॉलर आणि क्रिकेटर यांची पाहणी झाली तेव्हा ६.१ टक्के खेळाडू समस्येच्या गटात बसत होते आणि त्याच वयाच्या साध्या तरुण पुरुषांमध्ये तेच प्रमाण १.९ टक्के होतं. स्वीडनच्या टॉप खेळाडूंमध्ये २०१८ च्या अभ्यासात आयुष्यात कधीतरी समस्या झालेले पुरुष १३ टक्के, बायका १ टक्का. हे सगळे आकडे खेळाडूंनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर आहेत, आणि ज्याचं करिअर या गोष्टीमुळे जाऊ शकतं तो फॉर्मवर सगळं खरं लिहील असं मला वाटत नाही, त्यामुळे मी हे आकडे कमीत कमी म्हणूनच धरतो.

आता तुमच्या भावाच्या परिस्थितीबद्दल, कारण दुखापत हा मुद्दा तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बघण्यासारखं तिथेच आहे. प्रोफेशनल खेळाडूचा दिवस बाहेरून भरगच्च वाटतो पण ट्रेनिंग दुपारपर्यंत संपतं, नंतर शरीराला आराम द्यायचा म्हणून घरी पडून राहायचं, बाहेर जास्त फिरायचं नाही, प्यायचं नाही, आणि हातात फोन. बाहेरगावच्या मॅचला बस, एअरपोर्ट, हॉटेलची खोली. बसमध्ये पत्ते चालू असतात, ड्रेसिंग रूममध्ये कोण किती जिंकला याची चर्चा असते, हरलेल्याची कधीच नसते. पगार वयाच्या मानाने खूप जास्त आणि सांभाळायचा अनुभव शून्य. कित्येक ठिकाणी टीमच्या जर्सीवरच बेटिंग कंपनीचं नाव असतं आणि त्याच टीमच्या मुलाला सांगितलं जातं की हात लावायचा नाही. यात दुखापत आली की जे काही सांभाळून धरणारं होतं तेही जातं. शनिवारची मॅच नाही, प्रेक्षक नाहीत, ती धडधड नाही, टीममध्ये जागा राहील का याची भीती आहे, आणि फिजिओच्या टेबलावर पडल्या पडल्या फोनवर तीच धडधड काही सेकंदांत मिळते. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी अनेकांचं थोडंफार खेळणं आधीपासून होतं पण हाताबाहेर गेलं ते दुखापतीच्या काळात, नाहीतर ट्रान्सफर होऊन नव्या गावात एकटे पडल्यावर, नाहीतर रिटायर झाल्यावर. म्हणून त्याला कधीपासून खेळतोस असं विचारण्यापेक्षा कधीपासून वाढलं असं विचारा, तारखा ऑपरेशनच्या आसपास येतील असा माझा अंदाज आहे.

नियम मोडणं आणि आजार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही नीट समजून घ्या, घरात आणि क्लबमध्ये दोन्हीकडे यांची सरमिसळ होते. बहुतेक प्रोफेशनल लीगमध्ये स्वतःच्या खेळावर पैसे लावायला बंदी असते, बऱ्याच ठिकाणी मॅच जगात कुठलीही असली तरी, आणि रक्कम कितीही लहान असो. अमेरिकन फुटबॉलमधला कॅल्विन रिडली मानसिक आरोग्याच्या कारणाने टीमपासून दूर असताना त्याने बेट लावल्या, एकूण १५०० डॉलर आणि मला जुगाराची समस्या नाही असं तो जाहीरपणे म्हणाला, तरी २०२२ चा अख्खा सीझन गेला. इंग्लंडचा फास्ट बोलर ब्रायडन कार्सने २०१७ ते २०१९ मध्ये क्रिकेटवर ३०३ बेट लावलेल्या होत्या, स्वतः खेळलेल्या एकाही मॅचवर नाही, आणि २०२४ मध्ये त्याला तीन महिने बाहेर बसावं लागलं. याच्या उलट इंग्लंडचा फुटबॉलर आयव्हन टोनी. त्याने २३२ नियमभंग मान्य केले, २०२३ च्या मे महिन्यात आठ महिन्यांची बंदी आली, पण ती आठच का आली तर तज्ज्ञाने त्याला जुगाराचं व्यसन असल्याचं निदान केलं होतं आणि शिक्षा ठरवणाऱ्या कमिशनने ते लक्षात घेऊन ११ महिन्यांतले तीन कमी केले. म्हणजे निदान करून घेणं हे उपचारासाठी तर हवंच, पण शिक्षेच्या बाजूनेही त्याचा उपयोग होतो.

इटलीचा फुटबॉलर सांड्रो टोनालीचं उदाहरण मी प्रत्येक खेळाडूला सांगतो. इटलीतल्या मिलान क्लबमधून इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबला गेला आणि काही महिन्यांतच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, इटलीच्या फेडरेशनने १८ महिन्यांची शिक्षा दिली, त्यातले दहा महिने बंदी आणि उरलेल्या आठ महिन्यांच्या जागी उपचार आणि तरुण खेळाडूंसमोर जाऊन बोलणं. न्यूकॅसलला आल्यावरही लावलेल्या बेट्सबद्दल त्याने स्वतःहून सांगितलं होतं, आणि इंग्लंडमध्ये त्याबद्दल दोन महिन्यांची बंदी झाली ती निलंबित ठेवली गेली, म्हणजे प्रत्यक्षात एकही मॅच गेली नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो परत खेळायला लागला आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याच क्लबबरोबर लीग कप जिंकला. करिअर संपेल ही भीती तुमच्या भावाच्या डोक्यात चोवीस तास असणार, त्याला हे नाव द्या आणि म्हणावं स्वतः वाच.

आणि लपवून ठेवण्यात नुसती बंदीची भीती नाही, त्याहून वाईट धोका आहे. बास्केटबॉलमध्ये टोरोंटोकडून खेळणाऱ्या जॉन्टे पोर्टरवर जुगाराचं कर्ज झालं होतं. ज्यांचं देणं होतं त्यांनीच मार्ग सुचवला की मॅचमधून लवकर बाहेर पड, आम्ही त्यावर पैसे लावतो, तुझं फिटेल. त्याने जानेवारी आणि मार्च २०२४ मध्ये दोन मॅचमध्ये तब्येतीचं कारण सांगून तसं केलं, एप्रिलमध्ये आजन्म बंदी आली आणि जुलैमध्ये कोर्टात गुन्हा कबूल करावा लागला. आजारी माणूस आणि गुन्हेगार यांच्यामध्ये कर्ज हा एकच पूल होता तिथे. तुमच्या भावाकडे आत्ता मॅच नाही, पण आतली माहिती आहे, कोणाला लागलंय, कोण शनिवारी बसणार आहे. ती माहिती विकत घेणारी माणसं असतात आणि ती सुरुवातीला फार प्रेमाने बोलतात, मित्र म्हणून पैसे उधार देतात. म्हणून कर्जाची यादी करताना रकमेपेक्षा आधी हे विचारा की देणारा कोण आहे आणि बदल्यात त्याने काही विचारलंय का. असं काही असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, वकील गाठा.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे आजच्या आज त्याच्याशी एकट्याने बोला, तुम्ही, बाबा नाही, कारण तुमच्या लिहिण्यावरून वाटतं तो तुमच्याशी मोकळा आहे. बोलताना त्याला सरळ विचारा की जगणं नको असं मनात येतं का, मरायचे विचार येतात का. मी मुद्दाम हे सगळ्यात आधी सांगतोय. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका इतर कित्येक व्यसनांपेक्षा जास्त असतो, आणि तो सगळं उघडं पडायच्या वेळी, म्हणजे नेमका आत्ता, वाढतो. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून बरेच जण पहिल्यांदा बोलतात. हो म्हणाला, किंवा नुसतं गप्प बसून मान खाली घातली, तरी त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे किंवा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. बाकीचं सगळं, कर्ज, क्लब, नियम, नंतर.

हे नसेल तर पुढचे दोन प्रश्न विचारा, आम्ही पहिल्या भेटीत हेच विचारतो. कधी जास्त जास्त पैसे लावावेसे वाटले का? किती खेळतोस याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं का? यातल्या एकालाही हो असेल तर पूर्ण तपासणी करून घ्यायला हवी. निदानाचे एकूण नऊ निकष आहेत, एका वर्षात चार जमले की आजार धरतात आणि आठ-नऊ म्हणजे गंभीर. तुमच्या मेसेजमध्येच मला खोटं बोलणं, हरलेलं वसूल करायला खेळणं आणि दुसऱ्यांकडून पैसे मागणं हे तीन दिसतायत, पण निदान समोर बसून करायचं असतं, मी इथून करणार नाही.

पैशाचं मग लगेच. पगाराचं खातं त्याच्या संमतीने अशा माणसाच्या नजरेखाली आणा ज्याच्यावर तो चिडला तरी संबंध तुटणार नाहीत, बहुतेक तुम्हीच. मोठा व्यवहार दोघांच्या सहीशिवाय होऊ नये, रोजच्या खर्चाला आठवड्याला ठराविक रक्कम, कार्डवरचं उधार बंद. जिथे जिथे अकाउंट आहे तिथे स्वतःला बाहेर ठेवण्याची सोय बहुतेक कायदेशीर कंपन्यांना द्यावी लागते, ती त्याने तुमच्यासमोर बसून वापरायची, आणि फोन, लॅपटॉप, टॅब सगळ्यांवर ब्लॉक करणारं सॉफ्टवेअर टाकायचं. बेटब्लॉकर फुकट मिळतं, गॅमबान विकत. हे उपाय शंभर टक्के पक्के नसतात, शोधला तर रस्ता सापडतो, पण ओढ आली आणि पैसे लावले यामध्ये पंधरा मिनिटांचा अडथळा जरी उभा राहिला तरी खूप फरक पडतो कारण ओढ लाटेसारखी येते आणि ओसरते. अजून एक, क्रिप्टो किंवा दिवसाची ट्रेडिंग करून कर्ज फेडतो म्हणाला तर नाही म्हणा. तो तोच खेळ आहे, फक्त स्क्रीन वेगळी.

कर्जाची यादी कागदावर करा आणि धरून चाला की पहिल्यांदा सांगितलेला आकडा अर्धवट असतो. तो खोटारडा आहे म्हणून नाही, लाजेने होतं ते. दोन-तीन आठवड्यांनी परत विचारा, न रागावता, अजून काही राहिलंय का. फेडायचं ते हप्त्याने, त्याच्याच पगारातून, थेट देणेकऱ्याच्या खात्यात. धमक्या देणारा कोणी असेल तर तो वेगळा विषय, त्यात घरच्यांनी मध्ये पडावं, पण तेही वकिलाला विचारून. बाबांना मदत करायचीच असेल तर उपचाराचा आणि वकिलाचा खर्च त्यांनी उचलावा, ती मदत मुलाला खरंच लागेल.

उपचारांमध्ये सगळ्यात चांगला पुरावा कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा आहे. त्यात आम्ही खेळाडूबरोबर बसून बघतो की ओढ कधी येते, कुठल्या वेळी, कुठल्या भावनेवर, त्याआधी डोक्यात कुठलं वाक्य येतं, आणि त्या ठिकाणी दुसरं काय करायचं हे ठरवून त्याचा सराव करतो. खेळाडूंना व्हिडिओ बघून स्वतःच्या चुका शोधायची सवय असते त्यामुळे हे काम ते फार चांगलं करतात, एकदा लाज बाजूला झाली की. गॅम्बलर्स अनॉनिमसचे गट १९५७ पासून चालू आहेत, लॉस एंजेलिसमध्ये सुरुवात झाली, आता ऑनलाइन मीटिंगही असतात, आणि घरच्यांसाठी गॅम-अ‍ॅनॉन म्हणून वेगळे गट असतात, ते तुमच्यासाठी आणि आई-बाबांसाठी. इंग्लंडमधल्या आर्सेनल फुटबॉल क्लबचा तेव्हाचा कॅप्टन टोनी अ‍ॅडम्सने स्वतःच्या दारूच्या व्यसनातून बाहेर पडल्यावर २००० साली खास खेळाडूंसाठी स्पोर्टिंग चान्स नावाचं क्लिनिक काढलं, आणि तिथे जुगारासाठीही खेळाडू येतात. औषधांपैकी नाल्ट्रेक्झोन काही जणांना ओढ कमी करायला देतात, पण तुमच्या भावाचं ऑपरेशन झालंय, तो ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची पेनकिलर घेत असेल तर नाल्ट्रेक्झोन त्याच्या आड येतं आणि त्रासही होऊ शकतो, त्यामुळे सायकियाट्रिस्टला सगळी औषधं दाखवा. डिप्रेशन किंवा लक्ष न लागण्याचा आजार सोबत आहे का तेही तपासून घ्या, बऱ्याचदा असतो. आणि कुठलंही नवं औषध सुरू करण्याआधी अँटी-डोपिंगच्या यादीशी ताडून बघायला विसरू नका.

क्लबला सांगायचं का? माझं मत सांगावं असं आहे, पण क्रम महत्त्वाचा. आधी खेळाडूंची युनियन असेल तर तिथे आणि खेळाच्या नियमांची माहिती असलेल्या वकिलाकडे जा, त्याने स्वतःच्या खेळावर लावलंय का हे त्यांच्यासमोर खरं खरं सांगू द्या, आणि मग काय, कोणाला, कसं सांगायचं ते ठरवा. टीमच्या डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्टशी बोलण्याआधी त्यांना थेट विचारा की तुम्ही हे मॅनेजमेंटला कळवायला बांधील आहात का, कारण त्यांचा पगार क्लब देतो आणि प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असते. थेरपिस्ट क्लबबाहेरचाच असावा असं मी नेहमी सांगतो. चौकशी सुरू व्हायच्या आधी स्वतःहून बोलणारा आणि पकडला गेल्यावर बोलणारा यांच्याकडे बघण्यात खूप फरक असतो, आणि मधल्या काळात त्याने फोनमधलं काहीही डिलीट करू नये, ते पुरावा नष्ट करणं ठरू शकतं.

पुन्हा घसरला तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण विचारायची वेळ येईल. इंग्लंडचा फुटबॉलर पॉल मर्सनने १९९४ मध्ये आर्सेनलमध्ये असतानाच दारू, कोकेन आणि जुगार तिन्हींची व्यसनं जाहीरपणे कबूल केली होती, आणि नंतर कितीतरी वर्षांनी, लॉकडाऊनमध्ये, घरासाठी साठवलेले पैसे जुगारात घालवले. इंग्लंडकडून १२५ मॅच खेळलेला गोलकीपर पीटर शिल्टन ४५ वर्षं जुगारात अडकलेला होता आणि त्यातून बाहेर पडायला बायकोची साथ कामी आली असं त्याने स्वतः सांगितलंय. घसरला म्हणजे उपचार फुकट गेले असं नाही. त्या दिवशी किती गेले हे विचारण्याआधी किती दिवसांनी सांगितलंस हे बघा. पहिल्या वेळी सहा महिने लपवलं आणि आता दोन दिवसांत सांगितलं तर उपचार काम करतायत.

आणि पुढचे काही महिने एका वेळेवर जास्त लक्ष ठेवा, तो मैदानावर परत येईल तेव्हा. सगळ्यांना वाटतं आता खेळायला लागला, आता धोका टळला, आणि मग खात्यावरची नजर काढून घेतली जाते, थेरपीच्या तारखा ट्रेनिंगमुळे पुढे ढकलल्या जातात, त्यात बोनस किंवा नव्या कॉन्ट्रॅक्टची रक्कम एकदम येते. कॉन्ट्रॅक्ट सही व्हायच्या आधीच ठरवून ठेवा की ती रक्कम कुठल्या खात्यात जाणार आणि त्यावर दुसरी सही कोणाची. थेरपिस्टबरोबरची आठवड्याची वेळ ट्रेनिंगच्या वेळापत्रकात फिजिओसारखी लिहून टाका, आणि पहिला बाहेरगावचा दौरा असेल तेव्हा हॉटेलमध्ये त्याच्याबरोबर खोलीत कोण असेल हे कोचशी आधी बोलून घ्या.